सोलापूरच्या कोरड्या हवेत घटपर्णी : घट का वाळतात आणि संग्रह कसा वाढवावा

जुळे सोलापुरातील एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरमध्ये त्यांनी पुण्याच्या एका रोपवाटिकेतून घटपर्णीची, म्हणजे घटात किडे पकडणाऱ्या नेपेन्थीस या वनस्पतीची, हँगिंग बास्केट आणली. तेव्हा झाडाला आठ-दहा टपोरे घट होते. मार्च संपेपर्यंत ते सगळे वरून खाली वाळत गेले. पाने हिरवी आहेत, नवी पानेही फुटत आहेत, परंतु पानाच्या टोकाला येणारी कळी मोहरीएवढी होते आणि तिथेच काळी पडते. कुंडी गच्चीवर शेडनेटखाली टांगलेली आहे, पाणी नळाचे दिले जाते आणि मध्यंतरी थोडे गांडूळखतही घातले आहे. सोलापुरात हे झाड मुळात जगते का, घट पुन्हा धरतील का, पुढे नेपेन्थीस राजासारख्या जाती जमवता येतील का आणि ऑनलाइन मिळणारे बी मागवावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

झाड जगते, आणि नीट ठेवले तर जोमाने वाढते. आपल्याकडे अनेकांची समजूत अशी असते की सोलापूरचे ऊन हाच या झाडाचा खरा शत्रू आहे. माझ्या मते उष्णतेचा क्रमांक तिसरा लागतो. पहिली अडचण कोरड्या हवेची आणि दुसरी क्षारयुक्त पाण्याची. या दोन्हींवर घरच्या घरी उपाय करता येतो, आणि विशेष म्हणजे ज्या कोरडेपणामुळे घट वाळतात, त्याच्याच आधाराने आपण उन्हाळ्यात झाडाभोवती असा गारवा निर्माण करू शकतो, जो मुंबई किंवा रत्नागिरीच्या माणसाला साध्या साधनांनी साधत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी घट म्हणजे काय ते पाहू, कारण त्यावरून तुमच्या झाडाची तक्रार समजते. घट हे फूल नव्हे. तो पानाचाच भाग आहे. पानाची मधली शीर पात्याच्या पुढे तंतूसारखी वाढते आणि त्या तंतूच्या टोकाला घट तयार होतो. सुरुवातीला तिथे एक चपटी, तांबूस लव असलेली कळी दिसते. ती वरच्या दिशेने वळते, लांब होते, मग तिच्यात हवा भरल्यासारखी ती फुगते, आणि झाकण अजून चिकटलेले असतानाच आत पाचक द्रव साठू लागतो. एके दिवशी झाकण उघडते. त्यानंतरही काही दिवस तोंडाची गोल कडा बाहेर वळत, रुंदावत आणि रंग धरत राहते. कळीपासून पूर्ण घटापर्यंत साधारण एक ते दोन महिने जातात. हा सगळा काळ त्या कोवळ्या भागाला दमट हवा लागते. सभोवतालची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली सतत राहिली, की झाड पान तेवढे पूर्ण करते आणि टोकाची कळी सोडून देते. तुमच्या झाडाने नेमके हेच केले आहे. म्हणून काळ्या पडलेल्या कळ्या पाहून झाड मेले असे समजू नये. ज्या पानाची कळी एकदा वाळली त्या पानाला पुन्हा घट येत नाही. घट येणार तो पुढच्या नव्या पानाला.

डिसेंबरात आलेले घट मार्चमध्ये वाळले, यात वयाचाही थोडा भाग आहे. चांगल्या परिस्थितीत एक घट काही महिने टिकतो आणि नंतर झाकणाकडून वाळत येतो. असा घट लगेच कापून टाकू नये. खालचा हिरवा भाग द्रव धरून असतो आणि आतल्या किड्यांपासून झाडाला पोषण मिळतच असते. वाळलेला भाग तेवढा कात्रीने काढावा.

आता हवेविषयी. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि हवेतली आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत दिवसातून चार वेळा स्प्रे बाटलीने पानांवर पाणी उडवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही, आणि पाणी क्षाराचे असेल तर पानांवर पांढरे डाग मात्र साचतात. झाडाला तासन्‌तास टिकणारा दमटपणा हवा असतो, आणि तो जागा निवडण्यापासून सुरू होतो. तुमची उघडी गच्ची या कामासाठी सर्वांत वाईट जागा आहे, कारण तापलेला स्लॅब, मोकळा वारा आणि पश्चिमेचे ऊन या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. शेडनेट ऊन अडवते. कोरडा वारा अडवत नाही.

पूर्वेकडचा किंवा उत्तरेकडचा व्हरांडा, दोन बाजूंनी भिंत असलेली बाल्कनी किंवा घराच्या मागची बोळ निवडावी. वाऱ्याच्या बाजूला जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा सोडावा आणि वर ५० टक्क्यांचे शेडनेट बांधावे. त्या जागेत साधा डेझर्ट कूलर लावावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कूलर काम करतो : पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक होते आणि गारवाही अधिक मिळतो. ४२ अंश तापमानाची आणि २० टक्के आर्द्रतेची हवा पाण्याने पूर्ण संपृक्त केली, तर तत्त्वतः ती सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते. घरगुती कूलर तिथपर्यंत पोहोचत नाही, परंतु आडोशाच्या लहान जागेत तो ३० अंशांच्या आसपासचे तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता टिकवू शकतो. सखल प्रदेशातल्या घटपर्णीला याहून अधिक काही लागत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हाच कूलर जवळपास निरुपयोगी ठरतो, आणि म्हणूनच मी सोलापूरला या छंदासाठी प्रतिकूल गाव मानत नाही.

कूलर लावताना दोन पथ्ये पाळावीत. त्याचा झोत थेट झाडावर नको. तो भिंतीवर आपटून मग झाडाकडे यावा, कारण दमट हवासुद्धा वेगाने अंगावर आली तर कोवळी कळी सुकते. आणि हवा बाहेर जायला एका बाजूला वाट ठेवावी, नाही तर जागा कोंदट होऊन बुरशी धरते. कूलरच्या टाकीत बोअरचे पाणी चालते, कारण वाफ होऊन फक्त पाणी हवेत जाते आणि क्षार पॅडवर राहतात. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरचे मात्र तसे नाही. तो पाण्याचे बारीक थेंबच हवेत फेकतो आणि त्याबरोबर क्षारही जातात, त्यामुळे त्यात आरओचे किंवा पावसाचेच पाणी घालावे लागते. दुपारी वीज गेली तर ओले गोणपाट किंवा वाळ्याचे पडदे उपयोगी पडतात. कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात, खाली ओली रेती किंवा विटांचे तुकडे भरलेले पसरट ताट ठेवावे आणि कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहील असे पाहावे. एक लहान डिजिटल आर्द्रतामापक झाडाच्या उंचीवर टांगावा. त्याशिवाय आपण अंदाजानेच चालत राहतो.

काचेच्या जुन्या फिशटँकमध्ये झाड ठेवावे का, असे अनेक जण विचारतात. लहान रोपांसाठी ती सोय उत्तम आहे, परंतु घरात, एलईडी दिव्याखाली. अशी टाकी उन्हात ठेवली तर आतले तापमान काही मिनिटांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढते आणि रोप अक्षरशः शिजते.

मृगाचा पाऊस सुरू झाला की ही सगळी यातायात थांबवता येते. जुलैपासून परतीच्या पावसापर्यंत आपल्याकडची हवा या झाडाला आपोआप मानवते आणि वर्षातले सर्वांत मोठे, सर्वांत रंगीत घट याच महिन्यांत धरतात. पुढे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, रात्री १२ ते १५ अंशांपर्यंत गारठा पडतो. बाजारात मिळणारे बहुतेक संकर तो सहन करतात, वाढ तेवढी मंदावते. बोर्निओ-सुमात्राच्या सखल जंगलातल्या जाती मात्र त्या दिवसांत घरात घ्याव्यात.

पाण्याच्या बाबतीत तडजोड करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही झाडे निसर्गात अशा जमिनीत वाढतात, जिथे पावसाने सगळी खनिजे धुऊन नेलेली असतात. त्यांची मुळे क्षार सहन करण्यासाठी घडलेलीच नाहीत; नायट्रोजन आणि स्फुरद त्यांना घटातल्या किड्यांतून मिळतात. आपले नळाचे पाणी उजनीचे, आणि ते अनेक दिवसांआड येत असल्याने मधल्या काळात घरोघरी बोअरचे पाणी वापरले जाते. बेसाल्ट खडकातल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे दशलक्ष भागांतले प्रमाण (पीपीएम), हजाराच्या पुढे जाणे इथे नवलाचे नाही. घटपर्णीसाठी तो ५० पीपीएमच्या आत असावा, फार तर १०० पर्यंत चालतो. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. झाडाच्या आधी तो घ्यावा असेच मी सुचवीन.

क्षार साचल्याची लक्षणे ओळखता येतात. कुंडीच्या कडेला आणि मॉसच्या (कुंडीत मातीऐवजी भरलेल्या शेवाळाच्या) पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा येतो, जुन्या पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन वाळतात, नवी पाने आधीच्यापेक्षा लहान येतात. पाणी उकळून, रात्रभर उघडे ठेवून किंवा त्यात लिंबू पिळून हे क्षार जात नाहीत. वॉटर सॉफ्टनरचे पाणी तर अजिबात वापरू नये, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते आणि ते अधिक घातक आहे.

घरी आरओ असेल तर त्याचे पाणी मोजून पाहावे. पिण्याला चव यावी म्हणून अनेक यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो थोडे कच्चे पाणी मिसळतो, त्यामुळे ‘आरओचे पाणी’ म्हणून दिलेल्या पाण्याचा आकडा दीडशेच्या वर असू शकतो. मिसळण्याआधीचे पाणी वेगळे काढून देणे हे दुरुस्ती करणाऱ्या माणसाला दोन मिनिटांचे काम आहे. एसीच्या नळीतून टपकणारे पाणीही क्षारमुक्त असते. एसीचे कॉइल नुकतेच रसायनाने धुतले नसेल तर ते वापरता येते. तरीही सर्वांत उत्तम ते पावसाचेच पाणी. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९० लिटर पाणी मिळते, म्हणजे चार-पाच कुंड्यांची महिनाभराची सोय. पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ वाहून जाऊ द्यावी आणि नंतरचे पाणी काळ्या ड्रममध्ये, झाकण व जाळी घट्ट लावून साठवावे, जेणेकरून डासही होणार नाहीत आणि शेवाळही धरणार नाही.

तुमच्या झाडासाठी आत्ताच करण्याचे काम असे : बास्केट बादलीवर धरून तिच्यातून चार-पाच लिटर कमी टीडीएसचे पाणी हळूहळू सोडावे आणि खालून शेवटी गळणारे पाणी मोजावे. आकडा १५० च्या वर असेल तर दोन दिवसांनी पुन्हा तसेच करावे. गांडूळखत वरवर असेल तर चमच्याने काढून टाकावे. यानंतर दर महिन्याला एकदा असे धुणे द्यावे. एरवी पाणी देताना माध्यम ओलसर राहील, परंतु ताटलीत पाणी तुंबणार नाही, एवढे पाहावे. व्हीनस फ्लायट्रॅप या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाची कुंडी पाण्याच्या ताटात ठेवतात, त्यावरून घटपर्णीचीही ठेवली जाते आणि मुळे कुजतात.

कुंडी बदलण्याची घाई या उन्हात करू नका. आर्द्रा लागल्यावर करा. तेव्हा दोन भाग लांब धाग्यांचे स्फॅग्नम मॉस, एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) किंवा नारळाच्या सालीचे धुतलेले तुकडे असे मिश्रण घ्यावे. आपल्या कोरड्या हवेत मॉसचे प्रमाण थोडे अधिक असलेलेच बरे. कोकोपीट वापरायचे असेल तर ते धुतल्यावर निघालेल्या पाण्याचा टीडीएस १०० च्या खाली येईपर्यंत पुनःपुन्हा धुवावे, कारण स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ बरेच असते. काळी माती, शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड यांतले काहीही घालू नये. मातीची कुंडी टाळावी. तिच्या अंगातून पाणी उडत राहते आणि क्षार भिंतीत साचतात. प्लास्टिकची, भरपूर छिद्रांची कुंडी घ्यावी. झाड काढताना मुळे काळी, केसांसारखी बारीक आणि ठिसूळ दिसतील. ती कुजलेली नाहीत, घटपर्णीची निरोगी मुळे अशीच असतात. कुजलेले मूळ बोटांत धरले की लिबलिबीत लागते आणि त्याला वास येतो. या फरकाची माहिती नसल्यामुळे चांगली मुळे कापून टाकली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

प्रकाश भरपूर हवा. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि उरलेला दिवस उजळ सावली ही योजना आपल्याकडे चालते. पानांवर किंचित तांबूस झाक आली की प्रकाश पुरेसा आहे असे समजावे. पाने गडद हिरवी, लांबट आणि लुळी होत असतील तर तो कमी पडतो आहे. घरात ठेवायचे झाल्यास पांढरा एलईडी दिवा झाडापासून सुमारे एक फुटावर, रोज १२ ते १४ तास लावावा.

खाद्याविषयी नवख्यांच्या मनात फार उत्सुकता असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८७४ मध्ये बेलफास्ट येथे मांसाहारी वनस्पतींवर दिलेल्या व्याख्यानात घटपर्णीवरचे आपले प्रयोग मांडले होते. त्यांनी अंड्याचा पांढरा भाग आणि मांसाचे तुकडे घटांत टाकून ते विरघळतात हे दाखवले. तो पचनशक्ती सिद्ध करण्याचा प्रयोग होता. घरच्या झाडाला मटणाचे तुकडे, पनीर किंवा दूध देण्यासाठी तो आधार मानू नये. असे पदार्थ पचण्याआधी सडतात आणि घट आतून कुजतो. व्हरांड्यातल्या झाडाला मुंग्या, माश्या, झुरळाची पिल्ले आपसूक मिळतात आणि तेवढे पुरते. घरातल्या झाडाला महिन्यातून एकदा, एक-दोन घटांत, वाळलेला एखादा मीलवर्म (खाद्य म्हणून विकली जाणारी अळी) किंवा माशांच्या खाद्याचा एक लहान दाणा टाकावा.

घट किडे कसा पकडतो, हे पाहण्यासाठी आपले हवामान मोठे सोयीचे आहे. घटाच्या कडेवर मध असतो आणि तिच्यावर अतिशय बारीक समांतर रेघा असतात. कडा कोरडी असते तेव्हा मुंग्या तिच्यावरून खुशाल फिरतात, मध चाटतात आणि परत जाऊन आणखी मुंग्या घेऊन येतात. कडा ओली झाली की त्या रेघांत पाण्याचा पातळ थर पसरतो आणि मुंगीच्या पायाची पकडच सुटते. दुपारभर निर्धास्त ये-जा करणारी मुंग्यांची रांग संध्याकाळी वळवाची सर येऊन गेल्यावर एकापाठोपाठ एक घसरताना दिसते. कडा कायम घसरडी असती तर पहिलीच मुंगी पडली असती आणि मागची रांग आलीच नसती, हे संशोधकांनीही तपासून मांडलेले आहे. हात लावण्याचा मोह आवरून पाच मिनिटे शांतपणे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. वाहतुकीत घटातला द्रव सांडला असेल तर एक चतुर्थांश घट भरेल एवढे आरओचे पाणी घालावे, काठोकाठ भरू नये.

किडींत पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि कोरड्या दिवसांत लाल कोळी व फुलकिडे यांचा त्रास होतो. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपावेत. लाल कोळ्यावर पानांची खालची बाजू दर दोन दिवसांनी शुद्ध पाण्याने धुणे आणि आर्द्रता वाढवणे हाच चांगला इलाज आहे. निंबोळी तेल उन्हात फवारले तर पाने करपतात, म्हणून ते वापरायचेच झाल्यास संध्याकाळी आधी एका पानावर लावून पाहावे.

आता संग्रहाच्या प्रश्नाकडे येतो. नेपेन्थीसच्या दीडशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. मादागास्कर आणि सेशेल्सपासून श्रीलंका, आग्नेय आशिया, फिलिपिन्स ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत त्या पसरलेल्या आहेत. संग्राहक त्यांचे ढोबळ दोन गट करतात : समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरपर्यंत वाढणाऱ्या सखल भागातल्या, आणि त्याहून उंचावरच्या डोंगरी. तुम्ही विचारलेली नेपेन्थीस राजा ही बोर्निओतल्या किनाबालू आणि तांबुयुकोन या पर्वतांवर, सुमारे १,५०० ते २,६०० मीटर उंचीवर आढळते. तिच्या मोठ्या घटात तीन लिटरहून अधिक पाणी मावल्याची नोंद आहे, त्यामुळे तिची ओढ वाटणे साहजिक आहे. पण तिला रोज रात्री १५ अंशांच्या आसपास उतरणारे तापमान लागते. आपल्याकडे मे महिन्यातल्या रात्री २५ अंशांच्या खाली क्वचित येतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या संग्राहकांनी घटपर्णी म्हणजे उष्णप्रदेशातली वनस्पती असे सरसकट मानून डोंगरी जातीही उकाड्याच्या काचघरांत ठेवल्या आणि गमावल्या. कूलरने राजा जगणार नाही. त्यासाठी वर्षभर एसीची बंद कपाटासारखी खोली लागेल. तिचा नाद सोडावा, असेच मी म्हणेन.

सोलापुरात ज्यांवर भरवसा ठेवता येतो त्या जाती वेगळ्या आहेत. तुमच्याकडची बास्केट बहुधा व्हेंट्राटा हा संकर असावा; रोपवाटिकांत तोच ‘अलाटा’ या चुकीच्या नावाने सर्वाधिक विकला जातो. तो काटक आहे आणि शिकण्यासाठी त्याच्याइतके चांगले झाड नाही. त्याच्या जोडीला मिरांडा आणि ब्लडी मेरी हे संकर घ्यावेत. मूळ जातींत नेपेन्थीस मिराबिलिस घ्यावी; या वंशात सर्वांत विस्तृत प्रदेशात पसरलेली जात तीच, आणि तिचा स्वभावही तसाच जुळवून घेणारा आहे. एक उन्हाळा आणि एक हिवाळा ही झाडे घट धरून राहिली, की मग रॅफ्लेशियाना आणि अँप्युलारिया यांचा विचार करावा. अँप्युलारिया मला विशेष प्रिय आहे. तिचे बुटके, गोल घट जमिनीलगत पुंजक्याने येतात, झाकण मागे वळलेले असते, आणि किड्यांबरोबरच वरून गळणारा पालापाचोळाही ती पचवते. मात्र तिला १८ अंशांच्या खालचा गारठा मानवत नाही. बायकॅल्कराटा, जिच्या झाकणाखाली दोन सुळे असतात, ती त्याहूनही नाजूक.

भारतात निसर्गतः आढळणारी एकच जात आहे, नेपेन्थीस खासियाना. ती मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत वाढते आणि गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी राखीव क्षेत्रही आहे. आपला हिवाळा तिला चालतो, उन्हाळाही सावलीत आणि दमट हवेत ती काढू शकते. पण तिच्याबाबत कायदा आधी पाहावा लागतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ती संरक्षित आहे, तिची लागवड आणि विक्री परवान्याशिवाय करता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात ती नेपेन्थीस राजाबरोबर सर्वांत कडक बंधनांच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वंशातल्या इतर सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात येतात. म्हणून कोणी ‘जंगलातून आणलेले मोठे झाड’ म्हणून खासियाना दाखवले तर ते घेऊ नये. परदेशातून कोणतेही रोप मागवताना आयात परवाना, रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र आणि साइटिसची कागदपत्रे लागतात. पार्सलमध्ये लपवून पाठवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत झाडाच्या ऊतींपासून केलेली) किंवा कलमांपासून वाढवलेली रोपे देशातच मिळतात आणि त्यांतली निवड आता पुरेशी आहे.

बी ऑनलाइन मागवू नका. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, दोन्ही एकाच वेळी फुलली तरच बी धरते, आणि ते केसासारखे बारीक बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावू लागते. निळ्या-जांभळ्या घटांची चित्रे लावून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत या झाडाचे बी नसते. खरे बी मिळाले तरी त्यापासून मोठे झाड व्हायला काही वर्षे जातात.

संग्रह वाढवण्याचा आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे फांदी कलम. तुमचे झाड वर्ष-दोन वर्षांत वेलासारखे लांब होईल, वरच्या पानांचे तंतू आधाराला वेढे घालू लागतील आणि वरचे घट अधिक निमुळते येतील. जुलैमध्ये तो वेल दोन-तीन पेरांच्या तुकड्यांत कापावा, पाने अर्धी छाटावीत आणि तुकडे ओल्या मॉसमध्ये रोवून वर पारदर्शक पिशवी किंवा झाकण ठेवावे. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. पिशवी काढताना ती एकदम न काढता रोज थोडी अधिक उघडत जावी. मूळ झाडही बुंध्याशी नवे फुटवे काढून भरगच्च होते. ही कामे हस्ताचा पाऊस ओसरण्याआधी उरकावीत, म्हणजे कोरडी हवा सुरू होईपर्यंत कलमांना स्वतःची मुळे आलेली असतील.